नवशिक्यास योग्य असे बलव्यायाम : ग्रंथ, तालीम व अनुभव

जुन्या कागदपत्रांस वाहिलेल्या या त्रैमासिकांत जोर-बैठकांचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया उंचावतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु हा विषय आम्हीं शोधून काढलेला नाहीं. तो आमच्या दारीं चालत आला. बोरिवलीस राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या माघांत आपल्या सतरा वर्षांच्या मुलास घेऊन मुलुंडास आमच्या घरीं आला. मुलगा अंधेरीच्या एका नव्या धर्तीच्या व्यायामशाळेंत जाऊं लागला होता, व तिसऱ्याच दिवशीं खांद्यांवर जड दांडी घेऊन उठतां-बसतां त्याच्या कंबरेंत लचक भरली होती. बापाचें म्हणणें असें कीं, ‘सर, हें परकी खूळ पुरे झालें, आपल्या जुन्या ग्रंथांतले व्यायाम याला सांगा. तुमच्याकडे पोथ्या आहेत.’ मुलगा बापासमोर कांहीं बोलला नाहीं. पण पोथ्यांच्या कपाटाकडे त्यानें ज्या नजरेनें पाहिलें, तीवरून त्याचें मत आम्हांस कळलें. त्या दिवशीं दोघांस चहा देऊन आम्हीं परत पाठविलें. कारण जुनें तें सर्व निर्धोक ही बापाची समजूत आणि जुन्यांत कांहींच नाहीं ही मुलाची समजूत, या दोहोंपैकीं एकहि तपासल्यावांचून मान्य करणें आम्हांस प्रशस्त वाटेना. त्या तपासांत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. आपले पुष्कळ वाचक दिवस दिवस दप्तरांवर वांकून बसणारे आहेत. तेव्हां हें लेखन त्यांच्याहि पाठीच्या कण्याच्या कामीं येईल.

प्रथम आयुर्वेदाचे ग्रंथ पाहूं. चरकानें सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत व्यायामाची व्याख्या केली आहे. शरीराची जी हालचाल स्थैर्य देते व बळ वाढविते ती व्यायाम, असा तिचा आशय. आणि लगेच मात्रेची अट घातली आहे. अतिव्यायामानें होणाऱ्या विकारांची यादी त्याच ठिकाणीं आहे, व हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्तहि तेथलाच. सुश्रुत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत वय, बल, शरीर, देश, काल व आहार हीं पाहूनच व्यायाम करावा असें सांगतो, आणि रोज करावयाचा तो ‘अर्धशक्ति’ करावा असा निर्बंध घालतो. वाग्भटानें हाच निर्बंध घेऊन त्यास ऋतूची जोड दिली आहे : बलवानानें व स्निग्ध आहार घेणाऱ्यानें हिंवाळ्यांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें, इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. मुंबईच्या वैशाखांत घामानें भिजत दुपारीं व्यायाम करणाऱ्यांनीं हा शेवटचा भाग दोनदां वाचावा.

अर्धशक्ति म्हणजे काय, हा प्रश्न येथें कळीचा आहे. पुष्कळ लोक या शब्दाचा अर्थ ‘जितकें वजन उचलतां येतें त्याच्या निम्में’ असा करितात. ग्रंथांत तसें नाहीं. सुश्रुतानें मापाचें गमक दिलें आहे तें वजनाचें नसून श्वासाचें आहे. नाकानें श्वास पुरेनासा होऊन तो तोंडावाटे येऊं लागला, कीं बलाचें अर्ध संपलें असें समजावें. टीकाकारांनीं व पुढील संग्रहकारांनीं यांत काखा, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणें आणि तोंडास कोरड पडणें हीं लक्षणें घातलीं. या मापाची खुबी अशी कीं, तें प्रत्येकाच्या अंगांतच असतें. शेजाऱ्याचें माप आपणांस लागू पडत नाहीं. दहा जोरांनीं एकास जो श्वास लागतो तो दुसऱ्यास पन्नासांनीं लागेल, आणि नियम दोघांस एकच राहील.

मात्र एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण ग्रंथाभिमानाच्या भरांत ती निसटते. श्वासाचें हें गमक चालणें, पोहणें, जोर, बैठका अशा सलग चालणाऱ्या श्रमास लागू पडतें. एकदांच उचलावयाच्या जड ओझ्यास तें लागू पडत नाहीं. तेथें श्वास लागण्याच्या आधींच पाठीचा स्नायु दुखावून बसतो. बोरिवलीच्या मुलाचें हेंच झालें. त्यास दम लागलेला नव्हता, घामहि फारसा नव्हता. दांडी मात्र त्याच्या पाठीस झेपणारी नव्हती.

जड ओझ्याविषयीं चरकानें वेगळा शब्द योजिला आहे, तो ‘साहस’. राजयक्ष्म्याचीं चार कारणें तो देतो : साहस, वेगांचा रोध, धातुक्षय व विषम आहार. त्यांतील साहसाच्या विवरणांत आपल्याहून बलिष्ठाशीं झुंजणें, अति मोठा भार उचलणें, असेच प्रकार आले आहेत. क्षयरोग जंतूंपासून होतो हें १८८२ सालीं कॉखनें दाखविल्यानंतर ही कारणपरंपरा जशीच्या तशी स्वीकारतां येणार नाहीं, हें उघड आहे. पण साहस आणि व्यायाम हीं दोन निरनिराळीं खातीं आहेत, ही त्यांतली दृष्टि मात्र आजहि मोलाची आहे. व्यायामाच्या नांवाखालीं साहस करविलें जातें, तेव्हां शिकविणाराच दोषी ठरतो.

हें आम्ही उगाच लिहीत नाहीं. सुमारें चाळीस वर्षांमागें आम्ही एका शाळेंत नवे शिक्षक असतां, पाठांतर न केल्याबद्दल एका पंधरा वर्षांच्या मुलास दोनशें उठाबशा काढावयास लाविलें. त्यांत व्यायामहि होईल, असें आम्ही त्यावेळीं वर हंसून म्हणालों होतों. मुलगा दुसऱ्या दिवशीं आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. मांड्या सुजल्या होत्या, पाय टाकवत नव्हता, आणि लघवीस तांबूस काळा रंग आला होता. त्यास सहा दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. अनभ्यस्त स्नायूंवर एकदम अतोनात श्रम पडले असतां त्यांचे तंतु मोडतात, आंतील द्रव्य रक्तांत उतरतें व मूत्रपिंडांस इजा करितें, हें आम्हांस तेथील डॉक्टरांनीं समजावून दिलें. मुलगा बरा झाला. त्याच्या वडिलांनीं तक्रार केली नाहीं, व तें अधिक जड गेलें. चरकाचा तो अध्याय आम्हीं त्यापूर्वीं दोनदां वर्गांत शिकविला होता.

आतां इतिहासाच्या बाजूकडे वळूं. महाराष्ट्रांत व्यायामपद्धतीच्या प्राचीनत्वाचा प्रश्न निघाला म्हणजे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’चा दाखला देण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. या ग्रंथांत ज्योतिर्गणितासाठीं शके १०५१ हें वर्ष घेतलेलें असल्यामुळें त्याचा काळ, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, चांगलाच निश्चित होतो. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेली त्याची दुसरी जिल्द बडोद्याहून १९३९ सालीं निघाली. तींत ‘मल्लविनोद’ हें प्रकरण आहे. त्यांत मल्लांचें वर्गीकरण, राजानें त्यांस द्यावयाचा आहार व त्यांचे श्रम सांगितले आहेत. भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम हीं त्या श्रमांचीं नांवें. ओझें, फिरणें, पोहणें, हातांची परस्पर झटापट आणि खांब, असा त्यांचा स्थूल अर्थ होतो. बाळंभटदादा देवधरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मल्लखांब ‘शोधून काढला’ असें जें सर्रास लिहिलें जातें, त्यास या स्तंभश्रमाची आठवण ठेवून मर्यादा घातली पाहिजे. खांबावरील श्रम त्यांच्यापूर्वीं निदान साडेसहाशें वर्षे माहीत होता. त्यास शिस्त, उड्या-पकडींचा विस्तार व शिष्यपरंपरा दिली ती देवधरांनीं, आणि हें श्रेय थोडें नव्हे. गुजराथेंतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ सांडेसरा व मेहता यांनीं १९६४ सालीं छापून काढला. त्यांत श्रमांची संख्या सोळांवर गेलेली दिसते; स्तंभश्रमाबरोबर पाण्यांतील श्रम व पायऱ्या चढणें हेहि त्यांत आहेत.

परंतु या दोन ग्रंथांवरून नवशिक्यासाठीं व्यायाम ठरवूं लागणें म्हणजे दरबारी गवयाच्या चिजेवरून बालवर्गाचें गाणें बसविण्यासारखें आहे. मानसोल्लासांतील मल्ल राजाचे पोसलेले, दूध-मांस-साखर राजाच्या कोठारांतून घेणारे, दुसरा उद्योग नसलेले. सकाळीं ८ वाजतां मुलुंडहून लोकल पकडणाऱ्या माणसासाठीं तो ग्रंथ लिहिलेला नाहीं. त्यांतून घ्यावयाची गोष्ट एकच, व ती म्हणजे श्रमांची विविधता. एकाच अवयवावर भर न देतां ओझें, चाल, पाणी व खांब यांत श्रम वांटलेला आहे.

नवशिक्यास काय करावयास लावीत, हें ग्रंथांपेक्षां तालमींतून अधिक कळतें. आणि तेथें आमच्याजवळ एक लेखी पुरावा आहे, तो आमच्याच हातचा. १९७३ सालीं, तेरा वर्षांचे असतां, आम्ही घाटकोपरच्या टेकडीखालच्या एका लहानशा तालमींत जात असूं. तालीम आतां राहिली नाहीं. त्या जागीं इमारत झाली आहे. वस्तादांनीं प्रत्येक मुलास चाळीस पानी वही ठेवावयास सांगितलें होतें. ती वही आम्हांस गेल्या वर्षीं जुन्या ट्रंकेंत सांपडली. पहिल्या पानावर आहे : हौदा खणणें, पाव घटका, जोर पांच, ओट्यावर हात ठेवून, बैठका दहा, खांबास धरून. दुसऱ्या आठवड्यांत जोर सहा. चौथ्या आठवड्यांत आठ. मुद्गलाचा उल्लेख प्रथम पांचव्या महिन्यांत येतो. तत्पूर्वीं हलका करेला, तोहि एका हातानें एकच. नालेस हात लावण्याची परवानगी तर आम्हांस कधींच मिळाली नाहीं, कारण आम्ही दीड वर्षांत तालीम सोडली.

त्यावेळीं हौदा खणणें ही आम्हांस वेठ वाटे. तेल, ताक व हळद मुरवलेली ती तांबडी माती फावड्यानें उपसून पुन्हां भुसभुशीत करावयाची, आणि कुस्ती मात्र दुसऱ्यांनीं खेळावयाची. आज विचार करितां ध्यानांत येतें कीं, गुडघे किंचित् मोडून, पाठ सरळ ठेवून, कंबरेच्या खोबणींतून वांकणें व जमिनीवरून ओझें उचलणें ही जी सर्व बलव्यायामांतील मूळ हालचाल, ती वस्ताद आम्हांस फावड्यानें शिकवीत होते. फावड्यावर माती किती घ्यावयाची हें ज्याचें त्यानें ठरवावें. पाठीस बांक आला कीं काठीची टोंचणी मागून येई.

ओट्यावर हात ठेवून जोर कां, तेंहि सांगितलें पाहिजे. जमिनीवर हात टेकून साधा जोर काढतांना शरीराच्या वजनाचा सुमारें दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. हातांखालीं दोन फूट उंचीचा ओटा घेतला, तर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. भिंतीस हात लावले तर आणखी कमी. म्हणजे वजनाचीं तबकडें न वापरतांहि ओझें कमी-जास्त करण्याची ही बिनखर्ची युक्ति आहे. बैठकांचें तसेंच. टांचा उचलून, झपाट्यानें, खालपर्यंत जाणारी मल्लाची बैठक नवशिक्याच्या गुडघ्याच्या पुढच्या भागावर फार भार टाकते. म्हणून त्यानें टांचा टेकलेल्या ठेवाव्या, खुर्चीच्या उंचीपर्यंतच बसावें, व खांब किंवा दाराची चौकट धरावी. चाळिशी ओलांडलेल्यानें तर खरोखरची खुर्चीच मागें ठेवावी. जुन्या तालमींत ओढण्याचा व्यायाम दोर व मल्लखांब यांतून होई; घरीं तो राहून जातो, आणि जोरच जोर काढणाऱ्याचे खांदे पुढें येतात. लेखनिकी करणारांचे तसेहि पुढें आलेलेच असतात! त्यांनीं मजबूत आडव्या दांड्यास धरून, पाय जमिनीवर ठेवून, तिरपें होऊन अंग वर ओढावें. सूर्यनमस्काराविषयीं औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं केलेला प्रचार वाचकांस ठाऊक आहेच. तो व्यायाम उत्तम, पण कंबर दुखावलेल्यानें त्यांतील पुढें वांकण्याची घाई करूं नये.

या तालीमपरंपरेचा आपल्या उपनगरांशीं एक संबंध आहे, व तो फारसा कोणी नमूद करीत नाहीं. बडोद्यास जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनीं आखाड्यांतील व्यायामांस सांघिक रूप व देशी हुकूम दिले. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्यांत जगन्नाथ गणेश गुणे हे होते. तेच पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्ध झाले व १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढलें. मुंबई सरकारनें १९३७ सालीं शारीरिक शिक्षणाविषयीं जी समिति नेमली तिचे ते अध्यक्ष होते. आणि १९३८ सालीं कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. म्हणजे बडोद्याच्या आखाड्यांतील माती दोन पिढ्यांत, चुना-विटांच्या रूपानें कां होईना, बोरिवलीच्या शेजारीं येऊन पोंचली होती. त्याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडशः निघत होता. १९३६ ते १९४९ या काळांत त्याचे दहा खंड पुरे झाले. ज्याच्या संग्रहीं ते सर्व असतील तो भाग्यवान्.

परकीय बाजू थोडक्यांत सांगतों. सँडो १९०४-०५ मध्यें हिंदुस्थानांत येऊन गेला व त्यानंतर डंबेल्स घरोघर झालीं. पण नवशिक्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें काम अमेरिकन लष्करी डॉक्टर डीलॉर्म याचें. दुसऱ्या महायुद्धांत गुडघे दुखावलेल्या सैनिकांवर त्यानें क्रमशः वाढत्या ओझ्याचा प्रयोग केला; १९४५ सालीं तो प्रसिद्ध झाला. वॉटकिन्स याच्यासह १९४८ सालीं त्यानें जी रीत ठरविली तींत दहादहांचे तीन फेरे आहेत. दहा वेळां जेमतेम उचलेल तें ओझें पूर्ण मानून पहिला फेरा त्याच्या निम्म्यानें, दुसरा पाऊणानें, तिसरा पूर्णानें. ‘निम्मे’ हा शब्द पाहून आमच्या एका मित्रांनीं सुश्रुताची अर्धशक्ति अमेरिकेंत गेल्याचा सिद्धान्त लागलीच मांडला. आम्ही त्यांस सांगितलें कीं, एकाचें अर्ध श्वासाचें, दुसऱ्याचें ओझ्याचें. शब्दसाम्यावर इतिहास रचूं नये. ते अजून रुष्ट आहेत. अमेरिकेंतील क्रीडावैद्यक महाविद्यालयानें २००९ सालीं नवशिक्यांस आठ ते बारा वेळां उचलतां येईल असें मध्यम ओझें, आठवड्यांतून दोन-तीन दिवस, आणि ठरलेल्याहून एकदोन वेळां अधिक उचलतां येऊं लागल्यावरच ओझ्यांत दोन ते दहा टक्के वाढ, असें सांगितलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेचें २०२० सालचें मत प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा बलव्यायाम हवा असें आहे. पासष्टीपुढील माणसांस तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस. आमच्या वहींतील पांच, सहा, आठ हे आंकडे या वाढीशीं विसंगत नाहींत. मात्र तालीम रोजची असे, आणि विसाव्याच्या दिवसाचें महत्त्व तींत कमी ओळखलेलें होतें, हेंहि मान्य केलें पाहिजे.

बोरिवलीचा मुलगा डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावर चैत्रांत पुन्हां आला. त्यास आम्हीं पांच गोष्टी दिल्या : ओट्यावरचे जोर, खुर्चीवरच्या बैठका, दांड्यास धरून तिरपें ओढणें, अर्धी भरलेली पाण्याची बादली सरळ पाठीनें उचलणें, व ती दोन्ही हातांत एकेक घेऊन गच्चीवर चालणें. एक दिवस आड. प्रत्येकी आठांचे दोन फेरे. शेवटीं आणखी दोन काढतां येतील असें वाटत असतांनाच थांबावें. उचलतांना श्वास कोंडूं नये. सांध्यांत टोंचणारी वेदना आली तर त्या दिवशीं पुरे. आणि वही ठेवावी. दांडी व तबकडें कायमचीं सोडावयास आम्हीं सांगितलें नाहीं, यामुळें बाप थोडा निराश झाला. दांडींत दोष नाहीं. ती तिसऱ्या दिवशीं हातीं दिली यांत दोष आहे. श्रावणांत मुलगा भरलेल्या दोन बादल्या घेऊन गच्चीच्या आठ फेऱ्या मारूं लागला, व आश्विनांत त्यानें कोरी दांडी, तबकडांवांचून, पुन्हां खांद्यावर घेतली. साठीच्या आमच्यासारख्यांनीं रक्तदाब किंवा छातीचें दुखणें असल्यास वैद्यास विचारल्याशिवाय कांहींच सुरू करूं नये; बाकी खुर्चीवरच्या बैठका आम्ही स्वतः रोज पंधरा काढतों, त्यांतील पहिल्या पांच चौकट धरून.

संग्राहकांस एक विनंति. पेशवाई रुमालांत कुस्तीच्या बक्षिसाची एक ओळ मिळाली तरी आपण ती जपून नक्कल करितों, पण तालमींतल्या वह्या, वस्तादांचीं टांचणें, जोर-बैठकांच्या आंकड्यांचे कागद रद्दींत जातात. भांडुप, कुर्ला, घाटकोपर व अंधेरी या भागांत गेल्या पन्नास वर्षांत ज्या तालमी मोडल्या, त्यांचें दप्तर म्हणजे हींच टांचणें होत. नवशिक्यास कोणत्या क्रमानें काय शिकवीत, याचा प्रत्यक्ष पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. अशी एखादी वही कोणाच्या घरीं निघाल्यास तींतील आंकडे, महिना व तालमीची जागा यांसह तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ वही मालकानें आपल्याजवळच ठेवली तरी चालेल. आमच्या वहीची नक्कल मंडळाच्या संग्रहीं दिली आहे.